साडेअकरा तासांचे अंतर

भारत आणि कॅनडा यांच्या घड्याळांत नेमका किती फरक आहे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक शहरांच्या बाबतीत वर्षातून दोनदा बदलते. टोरांटो उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिथे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे आणतात. सास्काचेवान हा गव्हाचा आणि मसुरीचा प्रांत मात्र हा खटाटोप करत नाही. सीमेवरची मोजकी गावे सोडली, तर तिथले घड्याळ बाराही महिने एकाच वेळेला धरून असते, आपलेही असते. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातले आमचे कापसाचे गाव आणि माझा धाकटा भाऊ जिथे एका कुटुंबाच्या शेतीवर नोकरी करतो ते सास्काटूनच्या पश्चिमेकडचे खेडे, यांच्यातले अंतर उन्हाळा असो वा हिवाळा, साडेअकरा तासांचेच राहते. आईला हे फार सोयीचे वाटते. आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवायचा आणि संध्याकाळची सकाळ करायची, एवढाच हिशेब तिला करावा लागतो.

मी काही वर्षांपूर्वी सुगीच्या दिवसांत भावाकडे राहून आले, आणि तेव्हापासून एक विचार माझा पिच्छा सोडत नाही. दोन्हीकडचा शेतकरी भिंतीवरच्या घड्याळाला फारसे जुमानत नाही. दोघांचाही दिवस पाऊस, दव, थंडी आणि ऊन ठरवतात. तरीही आपल्या स्वतःच्या तासांवर त्याचा ताबा किती, या बाबतीत दोन्ही गावांत मोठी तफावत आहे, आणि ती रेखांशामुळे पडलेली नाही.

आधी घड्याळाविषयी. सास्काचेवानच्या मधून १०५ अंश पश्चिम रेखांश जातो. सूर्याच्या हिशेबाने हा प्रांत ग्रीनिचच्या सात तास मागे असायला हवा, परंतु तो पूर्वेकडच्या शेजाऱ्याप्रमाणे सहा तासच मागे राहतो. म्हणजे इतर बहुतेक प्रांत फक्त उन्हाळ्यात जो एक तास उसना घेतात, तो इथे कायमचा मुक्कामाला आलेला आहे. सास्काटूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचा एक वाजून गेलेला असतो. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डिसेंबरमध्ये सकाळचे नऊ वाजून गेले तरी उगवत नाही. ही व्यवस्था सहज झालेली नाही. रेजायना शहराने १९१४ मध्येच घड्याळ पुढे नेण्याचा प्रयोग केला होता, आणि पुढची कित्येक दशके एका गावाची वेळ दुसऱ्या गावाशी जुळत नसे. रेल्वेची वेळ वेगळी, शाळेची वेगळी, शेजारच्या बाजारपेठेची तिसरीच. अखेर १९६६ च्या वेळेसंबंधीच्या कायद्याने या वादाला आळा घातला.

घड्याळ पुढे नेण्याची पद्धत शेतकऱ्यांच्या भल्यासाठी निघाली, असा समज आपल्याकडेही अनेक सुशिक्षित लोकांच्या बोलण्यात येतो. तो चुकीचा आहे, आणि या चुकीच्या समजाने शेतकऱ्यावर अन्याय होतो असे मला मनापासून वाटते. उत्तर अमेरिकेत या पद्धतीला सर्वांत चिवट विरोध शेतकऱ्यांनीच केला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने ती लागू केली, आणि १९१९ मध्ये तिथल्या संसदेने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून ती रद्द केली, त्यामागे शेतकऱ्यांचा रेटा होता. कारण साधे होते. घड्याळ पुढे नेल्याने दव लवकर वाळत नाही आणि गाय लवकर पान्हा सोडत नाही. मजूर मात्र घड्याळाप्रमाणे संध्याकाळी घरी निघतो. म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचा जो तास सकाळी वाया जातो, तो संध्याकाळी भरून निघत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधली गेली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत असे, आणि मुंबईने तर स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत टिकवून धरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, साऱ्या देशाचे घड्याळ एक तास पुढे नेलेले होते. आसामातल्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढची ‘बागान वेळ’ चालत आली आहे, कारण तिथे सूर्य फारच लवकर उगवतो आणि मजुरांकडून उजेडात काम करून घ्यायचे असते. विदर्भाला यातल्या कशाचीच फारशी झळ लागली नाही. यवतमाळचा सूर्य प्रमाणवेळेच्या साधारण सतरा-अठरा मिनिटे मागे चालतो, आणि एवढा फरक गावात कोणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्या लहानपणी शेतावर घड्याळ बांधून जाणारा माणूस विरळा होता, आणि सावली पायाशी आली की भाकरीचे गाठोडे सुटत असे.

भावाच्या शेतावर पहिल्या सकाळी मी लवकर उठून तयार झाले, आणि कोणीच घाईत नाही हे पाहून चकित झाले. सप्टेंबरचे स्वच्छ ऊन पडले होते, क्षितिजापर्यंत गहू उभा होता, गावाच्या सभागृहाएवढी कापणी यंत्रे अंगणात तयार होती, आणि मालक, म्हणजे सत्तरीच्या घरातला एक शांत गृहस्थ, यंत्रांना वंगण देत सावकाश हिंडत होता. मी विचारले तेव्हा भाऊ म्हणाला, “ताई, दव उतरल्याशिवाय इथे काही हलत नाही.” अकरा वाजून गेल्यावर मालकाने मूठभर ओंब्या चोळून दाणा दाताखाली धरला, मग ओलावा मोजण्याच्या छोट्या यंत्रात घातला. कॅनडाच्या धान्यप्रतवारीत गव्हात साडेचौदा टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर तो कोरडा धरतात. त्याहून जास्त असेल तर भाव कमी मिळतो किंवा वाळवण्याचा खर्च अंगावर येतो. आकडा त्याच्या मनासारखा आला, आणि मग मात्र ती यंत्रे सुरू झाली ती रात्री पुन्हा दव पडेपर्यंत थांबली नाहीत.

मला त्या क्षणी आमच्याकडचा कापूस आठवणे अगदी स्वाभाविक होते. कार्तिकातल्या सकाळी फुटलेली बोंडे दवाने जड असतात, आणि शहाणी वेचणारी बाई ऊन चढल्याशिवाय ओळीत शिरत नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते. त्यामुळे ओला कापूस वेचला तर तिच्या वजनात चार पैसे वाढतात खरे, पण गंजीत घातल्यावर तो तापतो, पिवळा पडतो, आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याची सुई शेतकऱ्याचा निकाल लावते. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, तिथून बारा टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्यापुढे गाडी परत. दोन खंडांवर, दोन निरनिराळ्या पिकांत, एकमेकांचे नावही न ऐकलेली माणसे एकाच गोष्टीची वाट पाहत उभी असतात, हे मला त्या अंगणात उमगले, आणि तेव्हापासून दोन्ही गावांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

वर्षाची मांडणी मात्र अगदी उलट आहे. तिथे शेतकऱ्याच्या मागे हिमतुषाराचा ससेमिरा असतो. मेअखेरपर्यंत शेवटचा हिमतुषार पडू शकतो आणि सप्टेंबरच्या मध्यात पहिला. मधल्या शंभर-सव्वाशे दिवसांत पेरणी उगवून, फुलून, भरून, वाळून यावी लागते. निसर्गाने त्या थोड्या दिवसांना लांबी दिली आहे, कारण जूनमध्ये तिथे सोळा तासांहून अधिक उजेड असतो. आमच्याकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांना थोडा कमी; ऋतू कोणताही असो, सूर्य आपल्याला फारसा फसवत नाही. आपली सारी भिस्त पावसावर. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७ किंवा ८ जूनला मृग, आणि पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे तेरा-चौदा दिवसांचे टप्पे हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत चालतात. आमचे आजोबा इंग्रजी तारखा कधीच सांगत नसत. ‘मृगाची पेरणी साधली’ किंवा ‘आर्द्रेत दुबार करावी लागली’ असे म्हणत, आणि त्यांचा सालगडीही गुढीपाडव्याला बांधला जाई, जानेवारीत नव्हे. आता कृषी विद्यापीठे पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका असे सांगतात, आणि ते योग्यच आहे. मृगात दोन सरी येतात, बियाणे जमिनीत जाते, मग पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते आणि घरातले पैसे मातीत जातात, हे आम्ही दुबार पेरणीच्या वर्षांत पाहिले आहे. तिथल्या शेतकऱ्याला उशीर परवडत नाही, इथल्या शेतकऱ्याला घाई परवडत नाही.

खेड्यांतले अंतरसुद्धा एके काळी वेळेनेच मोजले गेले होते. सास्काचेवानची जमीन १८७१ पासून मैलाच्या चौकटीत मोजली गेली, आणि १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्कावर १६० एकरांचा तुकडा वसाहतकऱ्याला मिळू लागला. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या क्री आणि इतर आदिवासी समाजांना राखीव वस्त्यांत ढकलून हे घडले, ही गोष्ट तिथल्या सरळ रस्त्यांकडे पाहताना विसरता येत नाही. रेल्वेने दर सात ते दहा मैलांवर स्थानक आणि धान्याचे उंच लाकडी कोठार बांधले, कारण घोडागाडीने धान्य पोचवून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यायला हवे होते. एका रेल्वेमार्गावर तर स्थानकांची नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने ठेवली गेली: अॅटवॉटर, बँगर, काना. आमच्याकडे हेच काम आठवडी बाजाराने केले. बैलगाडीने जाऊन दिवेलागणीला परत येता येईल एवढ्या अंतरावर बाजाराचे गाव, आणि शेजारच्या गावांचे वार वेगळे. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे आली, तीही कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीच. आता त्या रुळांवरून गाडी धावत नाही. सास्काचेवानात १९९५ मध्ये धान्यवाहतुकीचे जुने अनुदान संपले, त्यानंतर अनेक शाखामार्ग उखडले गेले, लाकडी कोठारे पाडली गेली, आणि शेतकरी आता मोठ्या ट्रकने लांबच्या पोलादी कोठारांकडे जातो. कोठार गेलेल्या गावात आधी दुकान बंद होते, मग शाळा. भावाच्या खेड्यातली शाळा बंद झाली आहे, आणि मुले पिवळ्या बसने दूर जातात. हिवाळ्यात ती अंधारात निघतात.

या विरळपणाचा आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार सास्काचेवानातल्या एका शेताचा सरासरी आकार साडेसतराशे एकरांहून अधिक आहे. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. तिथे शेजाऱ्याचा दिवा दिसतो पण आवाज पोचत नाही. इथे शेजाऱ्याच्या धुऱ्यावरची बाई काय म्हणाली हे आपल्या ओळीत ऐकू येते, आणि वेचणीचा दिवस त्या बोलण्यावरच सरतो. मोठी शेती म्हणजे सुखी शेती असे मला तिथे राहून वाटले नाही. तिथल्या मालकाने यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जाची रक्कम ऐकून मी गप्प झाले होते, आणि त्याची मुले शहरात नोकरीला आहेत.

बायकांच्या तासांत मात्र दोन्ही गावे एकमेकांच्या जवळ येतात. सुगीत त्या घरची मालकीण दिवसभर ट्रक चालवत होती, आणि संध्याकाळी भांडीभर जेवण गाडीत घालून शेतावर घेऊन येत होती. यंत्रांच्या सावलीत उभ्याउभ्याच सर्वांनी ते खाल्ले. ते सगळे आवरून रात्री उशिरा ती घरी भांडी घासत होती. आमच्याकडे वेचणीला जाणारी बाई चारला उठते, चूल पेटवते, पाणी भरते, डबे बांधते, आणि दवासाठी थांबण्याचा जो वेळ पुरुषाला मोकळा मिळतो तो तिचा कामातच गेलेला असतो. शेतीच्या वेळापत्रकावर लिहिणाऱ्या माणसांनी हे तास कधीच धरलेले नाहीत, आणि हे तास धरल्याशिवाय कोणत्याही गावाचा दिवस पुरा मोजला जात नाही.

आणि आता रात्र. सास्काचेवानात कोरडा वारा सुटला की सुगीची रात्र मध्यरात्रीपलीकडे जाते. काचबंद, गरम केबिनमध्ये भाऊ बसलेला असतो, यंत्र उपग्रहाच्या आधाराने सरळ रेषेत चालते, आणि पावसाचा अंदाज पाहून आज थांबायचे की चालवायचे हे मालक ठरवतो. काम कष्टाचे आहे. थकव्याने तिथेही अपघात होतात. पण ती रात्र त्यांनी निवडलेली असते. आमच्याकडे रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे असते, विहिरीत पाणी असते, मोटार असते, मात्र थ्री फेज वीज पाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री, आणि तीही मध्येच गेली किंवा डीपी जळाली की बसा वाट पाहत. डिसेंबरच्या कडाक्यात रात्री बाराला वीज आली म्हणून बॅटरी आणि काठी घेऊन माणूस शेतात जातो, चिखलात उभा राहून दांड फोडतो, बारे भरतो, आणि त्याच्या पायाशी साप असू शकतो, पलीकडे रानडुक्कर असू शकते. पीक हाती येईपर्यंत रोही आणि डुकरांसाठीची जागल वेगळीच. या रात्री पिकाने मागितलेल्या नाहीत, हवामानाने लादलेल्या नाहीत. हरभऱ्याला पाणी दिवसा दिले तरी तेवढेच चालते. कुठल्या तरी कार्यालयात बसून कोणी तरी ठरवले की कारखान्यांना आणि शहरांना दिवसाची वीज आणि शेताला उरलेली. अशी पाळी शहरातल्या एखाद्या वसाहतीवर आली असती, तर ती एक हंगामही टिकली नसती.

भाऊ आपल्या गावच्या हवेची चौकशी करतो, त्यात ओढ असते हे खरे, पण त्याच्या मालकालाही मृगाचा पाऊस झाला का हे जाणून घ्यायचे असते, याचे मला आरंभी नवल वाटले होते. कारण मसूर. सास्काचेवान विद्यापीठातल्या पीकसंशोधकांनी १९७८ मध्ये लेअर्ड हे मसुरीचे वाण आणले, आणि जो प्रांत गव्हाखेरीज फारसे काही जाणत नव्हता तो मसुरीच्या निर्यातीत जगात पुढे गेला. त्या मसुरीचे भारत हे मोठे गिऱ्हाईक. आपल्याकडे पाऊस चांगला झाला, रब्बी भरात आली, की तिथला भाव उतरतो. आपण २०१७ च्या डिसेंबरात मसुरीवर ३० टक्के आयातशुल्क लावले तेव्हा त्या खेड्यातल्या जेवणाच्या टेबलावर दिल्लीची चर्चा होत होती. ते शुल्क आपल्या डाळ पिकवणाऱ्यांना भाव मिळावा म्हणून होते, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. पुढे डाळी महागल्या तेव्हा ते उतरवण्यात आले. त्या मालकाची पेरणी मेमध्ये होते आणि आमच्याकडचा पाऊस जूनमध्ये येतो, म्हणजे भाव काय मिळेल याचा अंदाज येण्याआधीच त्याचे बियाणे जमिनीत गेलेले असते. हमीभाव जाहीर होऊनही खरेदी केंद्र केव्हा उघडेल हे ठाऊक नसलेल्या आमच्या कापूसवाल्यांना त्याची ही अवस्था समजायला जड जाणार नाही.

रात्रीच्या विजेवर उपाय नाही असे नाही. शेतीच्या वाहिन्यांना सौरऊर्जेची जोड देऊन दिवसा वीज पुरवण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, आणि आमच्या शेजारच्या गावाची वाहिनी आता दिवसा चालते. त्या गावात ओलितासाठी मजूर सहज मिळू लागला आहे, आणि ज्या घरांत पुरुष नाही तिथल्या बायकाही स्वतः बारे धरू लागल्या आहेत, जे रात्रीच्या पाळीत त्यांना शक्यच नव्हते. आमच्या गावाच्या वाहिनीसाठी गायरानाची जागा पाहून ठेवली आहे, ठराव झाला आहे, काम अजून सुरू व्हायचे आहे. गेल्या रब्बीत भावाने पाठवलेल्या पैशांतून काकांनी मोटारीला आपोआप सुरू होणारा स्टार्टर बसवला. त्यामुळे वीज आल्यावर मोटार सुरू करायला कोणी जावे लागत नाही, पण बारे फोडायला जावेच लागते, आणि ते काम काका अजून रात्रीच्या आठवड्यात रात्रीच करतात.